प्राध्यापक बाबासाहेब आणि थोड्यांचे हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

अध्यक्षांनी ओळख करून देताना माझ्या नावामागे 'विचारवंत' असा शब्द लावला. बंधूंनो, मी साचेवाला. अठराव्या वर्षी गिरणीच्या साचाखात्यात बदली म्हणून लागलो, तेव्हा दहावी नापास होतो. पुढे रात्रशाळेत दहावी काढली आणि बाकीचं शिक्षण या विहारातल्या लोखंडी कपाटानं केलं. इंग्रजी पुस्तक घ्यायचं, शेजारी डिक्शनरी ठेवायची आणि पाळीवरून आल्यावर दोन पानं रेटायची. गिरणी बंद पडली, पण दोन पानांची सवय राहिली. तेव्हा माझ्या बोलण्यात चूक निघाली तर कान धरायला तुम्ही मोकळे आहात.

आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार, बॅरिस्टर, मजूरमंत्री, कायदेमंत्री हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण बाबासाहेब कायद्याचे प्राध्यापक होते, वर्गात उभे राहून शिकवत होते, आणि त्याच वर्षांत अल्पसंख्याकांच्या हक्कांचा अभ्यास करत होते, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मीही बोलत नव्हतो. त्याला कारण घडलं ते घरातलं आहे, पण सांगतो.

माझी थोरली मुलगी एलएल.एम. झाली. नेट पास झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा हा तिच्या अभ्यासाचा विषय. आता एका लॉ कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टी लागली की पगार बंद. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचं तर बदली कामगार! गेल्या वर्षी एका बँकेत विधी अधिकाऱ्याच्या जागा निघाल्या. मी जाहिरात कापून तिच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "बेटा, फॉर्म भर. प्राध्यापकीचं खूळ पुरे झालं. अल्पसंख्याकांचे हक्क लिहून कुणाचं पोट भरलंय?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, बाबासाहेब १९२८ साली लॉ कॉलेजात अर्धवेळच होते ना?"

मी गप्प झालो. तीस वर्षं जयंतीच्या स्टेजवरून भाषणं ठोकणारा मी, मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री कपाट उघडलं. त्यानंतर जे वाचलं तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

बाबासाहेब पहिल्यांदा प्राध्यापक झाले ते १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात. विषय अर्थशास्त्र. तिथे प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, वर्गात पोरं कान देऊन ऐकतात, आणि तास संपवून बाहेर आला की पाणी वेगळं. त्याच नोकरीत असताना, २७ जानेवारी १९१९ रोजी, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांतूनच आले पाहिजेत आणि त्यांच्यासाठी मतदानाच्या अटी शिथिल केल्या पाहिजेत, ही मागणी त्यांनी तिथे केली. वय किती? सत्तावीस. अजून बॅरिस्टर व्हायचे होते.

१९२० मध्ये नोकरी सोडून ते राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. १९२३ ला बॅरिस्टर होऊन परत आले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. वकिली लगेच चालली असं समजू नका. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार कोण येणार? म्हणून १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आणि जून १९२८ पासून वर्षभर सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक.

आता हे १९२८ साल नीट डोळ्यांपुढे आणा. आपल्या भागातल्या गिरण्यांत त्या वर्षी मोठा संप झाला, अनेक महिने चालला. त्या काळी आपल्या माणसाला साचाखात्यात घेत नसत. का? तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा दोरा दुसऱ्याला चालत नसे. त्रासनखात्यात कमी पगारावर राबा, साच्यावर यायचं नाही. कामगारांच्या हक्कांची भाषा चालली होती, पण कामगारांतही जे थोडे होते त्यांचा हक्क कुणाच्या यादीत नव्हता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. मी साच्यावर उभा राहून संसार केला, तेव्हा माझ्या पगाराच्या पाकिटात या भांडणाचा वाटा आहे.

त्याच वर्षी सायमन कमिशन आलं. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी निवेदन दिलं आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात साक्ष दिली. दलित वर्ग हा हिंदूंपासून वेगळा अल्पसंख्य समाज मानावा, आणि शिक्षण नाही, पैसा नाही, सामाजिक गुलामी आहे म्हणून इतर कोणत्याही अल्पसंख्याकांपेक्षा त्याला जास्त संरक्षण मिळावं, असं त्यांचं म्हणणं होतं. कमिशनवर देशात बहिष्कार होता. बाबासाहेब त्याच्यापुढे जातात म्हणून लॉ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावरही बहिष्कार टाकला. समाजाने बहिष्कृत केलेला माणूस वर्गातही बहिष्कृत! तरी त्यांनी ना शिकवणं सोडलं, ना साक्ष फिरवली.

आता या 'बहिष्कार' शब्दावर मी थोडा थांबणार आहे, कारण अभ्यास म्हणजे काय ते इथे कळतं.

१९२८ मध्येच मुंबई सरकारने दलित व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये खानदेशातल्या एका गावी सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याच्या चौकशीसाठी ते गेले. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जायला एकही टांगेवाला त्यांना बसवून घ्यायला तयार होईना. टांगा मिळाला, पण हाकायला कुणी नाही. शेवटी आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला, त्याला टांग्याची सवय नव्हती. टांगा पुलावर आपटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. बहिष्काराची चौकशी करायला गेलेला बॅरिस्टर स्वतः बहिष्काराने जायबंदी झाला. हे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे.

आपण असतो तर काय केलं असतं? मोर्चा काढला असता, निषेध केला असता. तेही करावंच. पण बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली. १९३० मध्ये सुरू झालेल्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्याबरोबर त्यांनी दलित वर्गाच्या संरक्षणाची आठ अटींची योजना सादर केली. त्यात नुसतं "आम्हाला समान हक्क द्या" एवढं नाही. समान हक्कांच्या उपभोगाचं कलम लिहिताना त्यांनी अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांसाठी झालेल्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा आधार दिला. आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवावा म्हणताना ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. एक कायदा अमेरिकेतला, एक ब्रह्मदेशातला, आणि दुखणं खानदेशातलं! दुसऱ्या देशात थोड्या लोकांनी काय मिळवलं, कोणत्या शब्दांत मिळवलं, हे शोधून आणायचं आणि इंग्रजांच्या टेबलावर ठेवायचं. "हे तुम्हीच तिकडे केलंय, मग इकडे का नाही?" याला उत्तर देणं सोपं नसतं. याला म्हणतात संशोधन.

त्या योजनेचा क्रमही बघा. आधी हक्क. मग त्या हक्काच्या आड येईल त्याला शिक्षा. मग तो हक्क वापरला म्हणून गावाने बहिष्कार टाकला तर त्यालाही शिक्षा. मग कायदेमंडळात, नोकरीत आणि मंत्रिमंडळात आपली माणसं. हक्क कागदावर लिहिला आणि दाद मागायची वाट ठेवली नाही, तर तो हक्क म्हणजे विहीर आहे पण दोर नाही. वर्गात कायदा शिकवणाऱ्या माणसालाच हे असं पायरी-पायरीनं सुचतं.

आपल्या महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा, आणि अंमलात आला २०१७ मध्ये. ॲट्रॉसिटी कायद्यात बहिष्काराचं कलम स्पष्टपणे आलं ते २०१५ च्या दुरुस्तीने. १९३० मध्ये मागितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात अशी यायला ऐंशीच्या वर वर्षं लागली. मी मुलीला विचारलं होतं ना, हे लिहून कुणाचं पोट भरतं? त्याचं उत्तर मला इथे मिळालं. आज लिहिलेलं उद्याच उपयोगी पडेल असं नाही. पण कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर मागायच्या दिवशी हातात काय धरणार?

पुढे १९३५. २७ मे रोजी माता रमाई गेल्या. जूनच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाची सूत्रं हाती घेतली. घरात ती जागा रिकामी झालेली आणि त्याच आठवड्यात कॉलेजचा कारभार. १८५५ साली सुरू झालेलं हे कॉलेज. त्याच्या प्राचार्याच्या खुर्चीवर, ज्याला शाळेत गोणपाटावर बसावं लागलं होतं तो माणूस बसला. पेरी प्रोफेसर म्हणून न्यायशास्त्राचं मानाचं अध्यापनपदही त्यांच्याकडे होतं. त्याच ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं ते गाजलेलं, न झालेलं भाषण छापलं, आणि स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. हे सगळं प्राचार्य असताना.

महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याचा शेवटचा निकालही याच काळात लागला, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टात. डिसेंबर १९२७ मध्ये सुरू झालेला दावा, सव्वानऊ वर्षं चालला. समोरच्यांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादि काळापासून आहे. कायदा म्हणतो, रूढी सांगता ना, मग ती अनादि असल्याचं सिद्ध करा. ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. आपण चवदार तळ्याचा सत्याग्रह दरवर्षी साजरा करतो, तो केलाच पाहिजे. पण तळं कोर्टात जिंकलं ते 'सिद्ध करा' या दोन शब्दांवर, हेही मुलांना सांगा. आणि पुढे आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट असे शब्द आले. ते वाचताना मला महाडचं पाणी दिसतं.

त्यांनी वर्गासाठी काढलेली टिपणं महाराष्ट्र शासनाने छापलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' च्या बाराव्या खंडात आहेत. इंग्लंडच्या घटनेवरची व्याख्यानं आहेत. मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा, विश्वस्तांचा कायदा, फौजदारी कार्यपद्धती यांवरची टिपणं आहेत. वाचायला रूक्ष. मुदतीच्या कायद्यावर आलो आणि मला माझे चुलते आठवले. १८ जानेवारी १९८२ च्या संपात ते होते. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. देणं निघत होतं, कागद होते, सगळे ट्रंकेत घडी घालून ठेवलेले. दाद मागायला गेले तेव्हा मुदत टळली होती. दावा खरा, पुरावा खरा, पण तारीख गेली. काका शेवटपर्यंत म्हणत, "साहेबानं माझं ऐकूनच घेतलं नाही." ऐकून घेण्याचा एक दिवस असतो, हे त्यांना सांगणारा आमच्या चाळीत तेव्हा कुणी नव्हता. बाबासाहेब हेच रूक्ष विषय पोरांना शिकवत होते. अन्याय झाला हे कळायला डिग्री लागत नाही. कुठे जायचं, कधी जायचं, काय घेऊन जायचं, हे कळायला अभ्यास लागतो.

आता अल्पसंख्याक कुणाला म्हणायचं, याविषयी बाबासाहेबांनी काय शिकवलं ते बघू. आपण डोकी मोजतो. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं, घटनेच्या कलमांच्याच स्वरूपात. त्यात त्यांनी कसोटी दिली ती सामाजिक भेदभावाची. ज्याच्याशी भेदभाव होतो तो अल्पसंख्य. नुसत्या धर्माच्या वेगळेपणावर ते थांबले नाहीत.

आणखी एक गोष्ट. ८ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत अल्पसंख्याकांच्या भाषा-संस्कृतीच्या कलमावर चर्चा चालू होती. आज ते एकोणतिसावं आणि तिसावं कलम आहे. तिथे बाबासाहेबांनी समजावून दिलं की अल्पसंख्याक हा शब्द इथे ठरावीक तांत्रिक अर्थापुरता नाही. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले, किंवा मराठी माणसं बंगालमध्ये जाऊन वसली, तर तीही तिथे संस्कृतीने, भाषेने अल्पसंख्य, आणि त्यांनाही संरक्षण. आपल्या गल्लीत तेलुगू पद्मशाली आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेतले भय्ये आहेत. इथे त्यांना आपण बाहेरचे म्हणतो. पण आपलाच पोरगा नोकरीसाठी कलकत्त्याला गेला की गाडीतून उतरताक्षणी तो अल्पसंख्याक. तेव्हा हे हक्क कुणा एका समाजाची मेहेरबानी नव्हे. ज्याला त्याला केव्हा ना केव्हा लागणारी ती छत्री आहे.

आणि बाबासाहेब एकांगी नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी दोघांनाही सुनावलं. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचं अस्तित्व नाकारणं चूक आणि अल्पसंख्याकांनी कायमचं वेगळं राहणं हीही चूक. बहुसंख्याकांनी भेदभावाची सवय सोडली की अल्पसंख्याक म्हणून राहण्याचं कारणच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हक्क हा मुक्काम नव्हे, मुक्कामाला सुखरूप पोचेपर्यंतची शिदोरी आहे.

आपलंच उदाहरण घ्या. १९५६ मध्ये आपण बुद्धाला शरण गेलो आणि केंद्र सरकारच्या लेखी अनुसूचित जातीचे राहिलो नाही. राज्यात सवलती होत्या, केंद्रात नाहीत. ते दुरुस्त झालं १९९० मध्ये. चौतीस वर्षं! मग १९९२ च्या कायद्याखाली १९९३ मध्ये बौद्धांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. ही दोन वेगळ्या कायद्यांतून आलेली दोन वेगळी संरक्षणं आहेत. पण आपल्या घरात विचारा, कितीजणांना यातला फरक सांगता येतो? प्रवेशाच्या अर्जावर रकाना आला की आपण खिडकीवरच्या कारकुनाला विचारतो, "साहेब, इथे काय लिहू?" आपल्या हक्काचा अर्थ आपण खिडकीपलीकडच्या माणसाला विचारतो, याची मला लाज वाटते. मीही विचारला आहे.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही प्राध्यापकी सोडलीच की. खरं आहे. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला. पण वर्ग सोडला म्हणून अभ्यास सोडला नाही. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं, तेव्हा तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया कसे मोडले हे तपासूनच लिहिलं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग. आणि १९५६ मध्ये त्याच संस्थेचं लॉ कॉलेज निघालं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी! ज्या माणसाने देशाला घटना दिली, त्याला पुन्हा कायदा शिकवायची जागा उभी करावीशी वाटली. यातून काय घ्यायचं ते आपण घ्यावं.

बंधू-भगिनींनो, मुलीने बँकेचा फॉर्म भरला नाही. तिचं बरोबर की माझं, हे मला आजही पुरतं ठरवता येत नाही. घरात ओढाताण आहे, हिची आई अजून डबे करते, आणि मी खोटं सांगणार नाही, पहिल्या तारखेला मला त्या बँकेची आठवण येते. पण "कुणाचं पोट भरलंय" हे वाक्य मी परत घेतलं आहे, आणि आज तुमच्या साक्षीनं घेतो. आपल्या वस्तीतून डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, वकीलही झाले. कायदा शिकवणारे, कायद्यावर लिहिणारे बोटावर मोजण्याइतके. ज्या घरातलं पोर त्या वाटेला लागेल त्याला निदान टोचून बोलू नका.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. विहाराच्या अभ्यासिकेत एक फळी कायद्याच्या पुस्तकांसाठी मोकळी करा. घटना मराठीत, ॲट्रॉसिटीचा कायदा, बहिष्काराचा कायदा, आणि बाबासाहेबांचा बारावा खंड. पहिल्या पाच पुस्तकांचे पैसे मी देतो. दर रविवारी वंदनेनंतर एक तास वाचन. मुलगी शिकवायला येईन म्हणाली आहे. तासिका तत्त्वावर, पण बिनपगारी! रेशनचा कागद, जातीचा दाखला, गिरणीच्या घराचा अर्ज, काय असेल ते घेऊन या. आणि मुदत टळायच्या आत या.

 इथेच थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!